सिलोसायबिन, नैराश्य आणि शेजारी बसणारा माणूस

माळव्यात राहणाऱ्या माणसाला मन पालटवणाऱ्या वनस्पतींची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. हिवाळा सरताना इंदूरहून मंदसौर-नीमचच्या बाजूला गेले, तर सरकारी परवान्याची अफूची शेते फुललेली दिसतात. महाशिवरात्रीला उज्जैनला निघालेल्या भाविकांच्या पूजेच्या टोपलीत बेलाबरोबर धोत्र्याचे फळ असते. आणि भांगेची परवानाधारक दुकाने तर आमच्या नेहमीच्या रस्त्यांवरच आहेत. या जुन्या परिचयामुळे आपल्याला या विषयातले सारे ठाऊक आहे, असा समज इथे सहज होतो, आणि सायकेडेलिक द्रव्यांनी नैराश्य बरे होऊ शकते ही बातमी वाचल्यावर बहुतेक जण तिची सांगड अफू-भांगेशी घालून मोकळे होतात. कोणी नाक मुरडतो, तर कोणी ‘आपल्या पूर्वजांना हे आधीच माहीत होते’ म्हणून खूश होतो. दोन्ही प्रतिक्रिया मला सारख्याच चुकीच्या वाटतात.

औषधशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेले असल्यामुळे आधी या चार गोष्टी वेगळ्या करून ठेवतो. अफूतील मॉर्फिन वेदना शमवणाऱ्या म्यू रिसेप्टरवर (रिसेप्टर म्हणजे ठरावीक रेणू जिथे येऊन बसतो ती पेशीची जागा) काम करते, त्याची शरीराला सवय लागते आणि मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावून माणूस दगावतो. भांगेतील टीएचसी कॅनाबिनॉइड रिसेप्टरवर जाऊन बसते. धोत्र्यातील अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन अॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचा मार्ग अडवतात. तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, नाडी धावू लागते, माणूस समोर नसलेल्या व्यक्तीशी बोलत बसतो आणि शुद्धीवर आल्यावर त्याला त्यातले बहुधा काहीच आठवत नाही. धोत्रा हे सरळसरळ विष आहे. एलएसडी, सिलोसायबिन, मेस्कलिन आणि डीएमटी यांचा, म्हणजे सायकेडेलिक द्रव्यांचा, वर्ग या तिघांहून निराळा. त्यांचे मुख्य काम सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या एका विशिष्ट रिसेप्टरवर चालते, अफूसारखी शारीरिक सवय त्यांची लागत नाही, आणि बहुतेकांना आपण काय अनुभवले ते नंतर तपशिलाने सांगता येते. ही शेवटची बाब उपचाराच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण जे आठवत नाही त्यावर बोलता येत नाही.

इतिहासाचा पहिला भाग आता सर्वांना ठाऊक झाला आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल शहरात, सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ साली एलएसडी तयार केले, १९४३ च्या एप्रिलमध्ये त्याचा परिणाम प्रथम नकळत आणि मग मुद्दाम २५० मायक्रोग्रॅम घेऊन स्वतःवर अनुभवला, आणि त्या दिवशी ते सायकलवरून घरी गेले. सायकलची गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र मात्रेचा आकडा अधिक विचार करायला लावतो. पाव मिलिग्रॅम, म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा पदार्थ, माणसाचे अवघे जग काही तास उलटेपालटे करतो, तर मनाच्या विकारांमागेही रसायनांचे काही गणित असावे, अशी शंका संशोधकांना येणे अटळ होते. १९५३ साली बेटी ट्वारॉग आणि अर्विन पेज यांनी मेंदूत सेरोटोनिन असल्याचे दाखवले, आणि पुढच्याच वर्षी वूली आणि शॉ या दोघांनी एलएसडी व सेरोटोनिन यांच्या रासायनिक नात्यावरून मनोविकारांचा संबंध सेरोटोनिनशी असावा असे सुचवले.

या कथेत आपल्याकडचा एक धागा आहे, आणि तो भांगेचा नाही. सर्पगंधेच्या मुळीचा उन्मादावर उपयोग होतो, हे कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी १९४९ साली तिचा रक्तदाबावरील परिणाम जगापुढे मांडला. १९५२ साली बाझलमध्येच, सीबा कंपनीत, तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढले गेले. आणि रेसर्पिनमुळे शरीरातील सेरोटोनिनचा साठा रिता होतो हे १९५५ च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध झाले. पूर्वजांचा अभिमानच बाळगायचा असेल, तर तो असा तारीखवार बाळगता येतो.

सिलोसायबिन हॉफमन यांनीच १९५८ साली मेक्सिकोतील अळिंब्यांतून वेगळे केले. पन्नास-साठच्या दशकांत मद्यासक्ती, चिंता आणि मरणाची भीती यांवर या द्रव्यांचे बरेच प्रयोग झाले. कॅनडातील सास्काचेवान प्रांतात हम्फ्री ऑस्मंड यांचे मद्यासक्तीवरील काम त्यांतले प्रसिद्ध. त्या काळातले बरेच प्रयोग आजच्या कसोटीला उतरत नाहीत. १९७० चा अमेरिकन कायदा आणि १९७१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार यांनंतर हे संशोधन जवळजवळ थांबले, आणि आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्याने या द्रव्यांवर बंदी आणली. वैद्यकीय व शास्त्रीय कारणांसाठी परवानगी घेण्याची वाट त्या कायद्याच्या आठव्या कलमात आहे, तथापि ०.१ ग्रॅमहून अधिक एलएसडी हीदेखील व्यापारी मात्रा ठरते आणि तिला किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे, हे प्रत्येक तरुणाला ठाऊक असलेले बरे.

आता मेंदूकडे वळतो. पोटात गेलेल्या सिलोसायबिनमधील फॉस्फेटचा तुकडा शरीरात गळून पडतो आणि सिलोसिन उरते. या सिलोसिनची ठेवण सेरोटोनिनशी इतकी मिळतीजुळती आहे, की ते ५-एचटी-२ए नावाच्या रिसेप्टरवर सहज जाऊन बसते. हा रिसेप्टर मेंदूच्या बाह्यकात, विशेषतः पाचव्या थरातील मोठ्या चेतापेशींवर दाट असतो. परिणामाची सुरुवात इथूनच होते याचा भक्कम पुरावा झुरिकच्या फ्रांत्स फोलेनवायडर यांनी १९९८ साली दिला: केटान्सेरिन नावाचे औषध आधी देऊन हा रिसेप्टर झाकून ठेवला, तर सिलोसायबिन घेऊनही माणसाला भास होत नाहीत. एलएसडीचा अंमल आठ ते बारा तास का टिकतो याचेही एक सुरेख उत्तर २०१७ साली मिळाले. एलएसडी रिसेप्टरच्या खाचेत शिरल्यावर रिसेप्टरचाच एक भाग झाकणासारखा तिच्यावर येतो आणि रेणूला लवकर सुटू देत नाही.

इथे एक सरळ शंका येते, आणि माझ्या वर्गातल्या चांगल्या विद्यार्थ्याने ती नक्की विचारली असती. सेरोटोनिन तर आपल्या मेंदूत रोजच असते आणि याच रिसेप्टरवर बसते. मग रोज भास का होत नाहीत? कॅलिफोर्नियातील डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने २०२३ साली यावर जे दाखवले ते मला या सगळ्या संशोधनातले सर्वांत चित्तवेधक वाटते. हे रिसेप्टर पेशीच्या पृष्ठभागावर असतात तसे पेशीच्या आतही असतात. सेरोटोनिन पेशीचे पटल ओलांडून सहजी आत जाऊ शकत नाही, सायकेडेलिक रेणू मात्र जातात, आणि चेतापेशीच्या शाखा वाढण्याची क्रिया आतल्या रिसेप्टरांमधून सुरू होते. उंदरांवर केलेल्या येल विद्यापीठातील २०२१ च्या अभ्यासात सिलोसायबिनच्या एकाच मात्रेनंतर चेतापेशींवरील सूक्ष्म काट्यांची संख्या आणि आकार सुमारे १० टक्क्यांनी वाढला, आणि त्यांतील काही वाढ महिन्यानंतरही टिकून होती. या काट्यांवरच दुसऱ्या पेशींशी जोड होतात, आणि दीर्घ ताणाखाली व नैराश्यात ते झडतात असे मानण्यास आधार आहे. औषध काही तासांत शरीराबाहेर जाते आणि परिणाम मात्र आठवडे राहतो, या कोड्याचा उलगडा इथे असावा, असा बहुतेकांचा कयास आहे.

मेंदूच्या मोठ्या जाळ्यांच्या पातळीवर काय होते, याची चर्चा वृत्तपत्रांतून अधिक होते, आणि तिथेच मी थोडा सावध असतो. माणूस काहीही विशेष करत नसताना, स्वतःविषयी, गेल्या गोष्टींविषयी, उद्याविषयी विचार करत असताना मेंदूतील काही भाग एकत्र सक्रिय असतात. त्यांना डिफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील रॉबिन कारहार्ट-हॅरिस यांनी २०१२ साली ३० निरोगी माणसांना सिलोसायबिन देऊन मेंदूचे चित्रण केले, तेव्हा अपेक्षेच्या उलट, या जाळ्याच्या मुख्य केंद्रांतील रक्तप्रवाह घटलेला दिसला. नैराश्यात माणूस स्वतःभोवतीच्याच विचारांत फिरत राहतो, हे जाळे ढिले पडले की तो फेरा तुटतो, अशी मांडणी त्यातून पुढे आली. ती आकर्षक आहे, पण या जाळ्यात बदल घडवणारी इतरही औषधे आहेत आणि ती सारी नैराश्य घालवत नाहीत. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील २०२४ चा अभ्यास मला अधिक पटतो. त्यात केवळ सात माणसे होती, पण प्रत्येकाचे चित्रण औषधाआधी, औषधाखाली आणि नंतर पुन्हापुन्हा केले होते. औषधाच्या अंमलाखाली मेंदूभर पेशीगटांची एकतानता विस्कळीत झाली आणि दुसऱ्या दिवसापासून ती बरीचशी पूर्ववत झाली. मात्र स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचा पुढचा भाग आणि हे जाळे यांच्यातील दुवा काही आठवडे सैल राहिला.

याला जोडून एक सिद्धान्त आहे. मेंदू केवळ डोळ्या-कानांकडून येणारे पाहत नाही. काय दिसणार याचा अंदाज तो आधीच बांधतो. राजवाड्यासमोरच्या गर्दीत दुकानाची पाटी अर्धी झाकलेली असली तरी आपण ती पूर्ण वाचतो, ते याच अंदाजाच्या बळावर. ‘मी निरुपयोगी आहे’ हाही अशाच प्रकारचा, फार वर्षे घट्ट झालेला अंदाज असू शकतो, आणि समोर उलट पुरावा आला तरी मेंदू तो मानत नाही. कारहार्ट-हॅरिस आणि कार्ल फ्रिस्टन यांनी २०१९ साली मांडले की ही द्रव्ये असे घट्ट अंदाज काही काळ सैल करतात. अंदाज सैल झाला की त्याच्या जागी काय येणार, हे मात्र रेणू ठरवत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न इथे येऊन थांबतो.

कारण रुग्णांवरील चाचण्या नीट वाचल्या, तर त्यांत रेणू एकटा कधी नसतो. प्रसिद्ध चाचण्यांत बहुधा असे होते: मात्रा देण्याआधी रुग्णाची दोन प्रशिक्षित व्यक्तींशी अनेक वेळा भेट, मग डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत आणि सहा ते आठ तास त्या व्यक्तींचे शेजारी बसणे, आणि पुढच्या दिवसांत जे अनुभवले त्यावर बोलणे. जॉन्स हॉपकिन्समधील रोलंड ग्रिफिथ्स यांच्या कर्करोगग्रस्तांवरील २०१६ च्या ५१ रुग्णांच्या अभ्यासाने ही पद्धत जगाला माहीत झाली. २०२१ साली इम्पीरियल कॉलेजाने ५९ रुग्णांत सिलोसायबिनची तुलना एसिटालोप्राम या नैराश्यावरील प्रचलित औषधाशी केली, आणि आधी ठरवलेल्या मुख्य मापावर दोहोंत लक्षणीय फरक निघाला नाही. २०२२ साली एका कंपनीची अनेक देशांत मिळून २३३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली, या रुग्णांना आधीच्या औषधांनी आराम पडलेला नव्हता. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतर तीन आठवड्यांनी नैराश्याच्या मोजपट्टीवरील गुण १२ ने उतरले, तर १ मिलिग्रॅम घेतलेल्यांचे ५.४ ने. फरक ६.६ गुणांचा. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून राहिलेली सुधारणा मोठ्या मात्रेच्या गटात सुमारे २० टक्के रुग्णांतच होती, आणि आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करण्याचे प्रसंग सर्व गटांत नोंदले गेले. त्याच कंपनीने २०२५ साली २५८ रुग्णांच्या पुढच्या चाचणीचा आकडा जाहीर केला, तेव्हा सहा आठवड्यांनंतरचा फरक ३.६ गुणांवर आला होता. उपयोग आहे. चमत्कार नाही.

शिवाय या चाचण्यांना एक मूळचीच अडचण चिकटलेली आहे. औषध आणि साखरेची गोळी यांतले कोणाला काय दिले, हे रुग्णाला कळू नये, हा चाचणीचा नियम; पण सिलोसायबिन घेतलेल्या माणसाला ते कळणार नाही असे होतच नाही. मद्यासक्तीवरील २०२२ च्या अमेरिकन चाचणीत ९० टक्क्यांहून अधिक जणांनी आपल्याला काय मिळाले ते अचूक ओळखले. ज्याला औषध मिळाले त्याची आशा वाढते आणि ज्याला मिळाले नाही तो खचतो, आणि दोन्ही मिळून फरक फुगतो. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ साली केटामाइन या नैराश्यावरही दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधाच्या बाबतीत यावर एक नामी युक्ती काढली. नैराश्य असलेल्या आणि दुसऱ्याच कारणाने शस्त्रक्रिया होणाऱ्या ४० रुग्णांना त्यांनी पूर्ण भुलीखाली केटामाइन किंवा साधे सलाइन दिले, म्हणजे कोणालाच काही जाणवले नाही. दोन्ही गट सारखेच सुधारले, आणि आपल्याला केटामाइन मिळाले असे ज्यांना वाटले ते अधिक सुधारले. हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही.

माझ्या मताच्या विरुद्ध जाणारा पुरावाही इथेच सांगितला पाहिजे. २०२५ साली चिंताविकाराच्या १९८ रुग्णांवर एलएसडीची जी चाचणी प्रसिद्ध झाली, तीत मानसोपचार मुद्दाम दिला नव्हता. देखरेख होती, संवादाचे उपचार नव्हते. तरीही १०० मायक्रोग्रॅमच्या एका मात्रेचा परिणाम बारा आठवडे दिसला. तेव्हा रेणूचे स्वतःचे कर्तृत्व नाकारता येत नाही. मात्र त्याही चाचणीत रुग्ण निवडून घेतलेले होते, आणि औषधाचा अंमल उतरेपर्यंत दिवसभर प्रशिक्षित माणूस जवळ होता.

आमच्या रामबागेतील ओळखीच्या घरचा एक तरुण मध्यंतरी माझ्याकडे आला होता. नैराश्यासाठी त्याच्या गोळ्या चालू आहेत. “काका, मित्र कोडाईकनालला चालले आहेत, तिथे ती अळिंबी मिळते म्हणे. एकदाच घेतली तर रोजच्या गोळ्या सुटतील का?” त्याने फार सरळपणे विचारले, आणि मला त्याचा राग आला नाही, कारण महिन्याकाठी डॉक्टरांशी होणारे काही मिनिटांचे बोलणे त्याला अपुरे वाटत होते आणि त्यात त्याचे काही चुकले नव्हते. मी त्याला गोळ्या अचानक सोडण्याचे दुष्परिणाम सांगितले. लिथियम हे बायपोलर आजारावरचे औषध चालू असताना या द्रव्यांनी झटके आल्याची उदाहरणे सांगितली. जंगलातली अळिंबी ओळखण्यात झालेली एक चूक यकृत निकामी करू शकते हेही सांगितले. मग विचारले, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार होता का? तो म्हणाला, “आत्या होती ना, ती...” आणि थांबला. असा कौटुंबिक इतिहास असलेल्यांना चाचण्यांमध्ये घेतच नाहीत, कारण त्यांच्यात या द्रव्याने सुप्त आजार उफाळण्याची भीती असते. बातम्यांतले आकडे ज्या लोकांचे आहेत, त्यांत त्याच्यासारखा कोणी नव्हताच.

ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना सिलोसायबिन आणि एमडीएमए (नशेच्या बाजारात ‘एक्स्टसी’ म्हणून ओळखले जाणारे द्रव्य) लिहून देण्याची मुभा दिली; अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएचा अर्ज नाकारला. भारतात हे केव्हा येईल त्यापेक्षा ते कोणत्या रूपात येईल याची मला काळजी आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले, आणि देशात लाख लोकसंख्येमागे एक पुरता मानसोपचारतज्ज्ञही नाही. जिथे एका तज्ज्ञासमोर सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात रांग लागते, तिथे एका रुग्णासाठी दोन प्रशिक्षित माणसे दिवसभर कोण बसवणार? रेणू स्वस्तात बनेल, आपल्या कारखान्यांना ते अवघड नाही. शेजारी बसणारा माणूस स्वस्त होणार नाही, आणि म्हणून पहिली कात्री त्याच्यावर चालेल.

याची रंगीत तालीम केटामाइनने आधीच सुरू केली आहे. ते भुलीचे जुने, कायदेशीर औषध. त्याचा मार्ग सेरोटोनिनचा नसून ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाचा, पण नैराश्यावर त्याचा वेगाने होणारा परिणाम २००० सालच्या येलमधील छोट्या अभ्यासापासून माहीत आहे, आणि आपल्या मोठ्या शहरांतील काही डॉक्टर ते त्यासाठी देतातही. योग्य रुग्णाला, योग्य देखरेखीखाली ते जीव वाचवू शकते, यात मला शंका नाही. मात्र त्या तरुणाच्या आईने नंतर फोन करून अशा उपचाराविषयी विचारले, तेव्हा मी त्यांना औषधाच्या गुणांपेक्षा हे विचारून घ्यायला सांगितले, की सलाइन चालू असताना खोलीत कोण बसणार, रक्तदाब किती वेळाने पाहणार, घरातील आजारांचा इतिहास कोणी लिहून घेतला, पहिल्या आठवड्यात बरे वाटून दुसऱ्या आठवड्यात मन पुन्हा खाली गेले तर रात्री फोन कोणी उचलायचा, आणि मधल्या काळात त्याच्याशी बोलणारा समुपदेशक कोण. शिवाय टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये ठेवायला सांगितला. पहिल्या दवाखान्यात त्यांना या प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी त्या तरुणाला केटामाइन न देता आधीच्या गोळीची मात्रा बदलली आणि दर आठवड्याला बोलण्यासाठी वेळ दिला.